घासून न जाणारा काळेपणा

दर वर्षी आमच्या शाळेत सरकारी आरोग्य पथकाची गाडी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तेव्हापासूनचा हा शिरस्ता आहे. व्हरांड्यात वजनकाटा मांडतात, भिंतीला उंचीची पट्टी लावतात, डोळे-दात बघतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू असे दोन्ही विषय शिकवते, त्यामुळे यादी हातात घेऊन तिथे उभं राहायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. डॉक्टर मराठीत विचारतात, लहान मुली दखनीत उत्तर देतात आणि मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं एकमेकांना सांगते.

नोकरीला लागले तेव्हा आम्हा शिक्षकांना मुलांच्या तब्येतीची काळजी म्हणजे तीनच गोष्टी माहीत होत्या: वजन कमी, रक्त कमी आणि पोटात जंत. आजही त्या आहेत. पण आता त्याच यादीत एका ओळीवर बरगड्या मोजता येतील असा मुलगा असतो आणि खालच्या ओळीवर सातवीतली पासष्ट किलोची मुलगी. आणि एक तिसरा प्रकार असतो, जो यादीत दिसतच नाही. वजन ठीक, उंची ठीक, शेरा ‘सामान्य’. पण हातपाय काड्या, पोट पुढे आलेलं आणि मानेमागे काळसर, जाडसर पट्टा.

हा लेख मुख्यतः त्या पट्ट्याबद्दल आहे. आपल्या घरांत तो रोज दिसतो आणि रोज घासला जातो, म्हणून.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक प्रशिक्षणात बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला पडद्यावर मानेचे फोटो दाखवले. विचारलं, “हे काय आहे?” सभागृहातल्या बऱ्याच जणी एका सुरात म्हणाल्या, “मळ.” बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “या उत्तरामुळे मुलं चार-पाच वर्षं उशिरा माझ्याकडे येतात.” मानेच्या मागे, काखेत, कधी कोपरांच्या घड्यांत त्वचा मखमलीसारखी जाड आणि काळपट होते. डॉक्टर तिला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. मुलांमध्ये याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे रक्तात इन्सुलिन जास्त असणं. जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. बाहेरून काही चिकटलेलं नसतं, त्यामुळे बाहेरून घासून काही निघत नाही.

ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझी भाची होती. आपाची मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची. आपा तिच्या मानेला बेसन-दही लावायची, मग लिंबू, मग एक दिवस पाय घासायचा दगड. पोरीची मान सोलून निघाली होती आणि ती उन्हाळ्यातही दुपट्टा गळ्याला घट्ट गुंडाळून बसायची. घरातल्या लग्नात एका बाईने सगळ्यांदेखत विचारलं होतं, “नहाती नहीं क्या गे?” त्यानंतर ती लग्नांना यायचीच बंद झाली.

आता इन्सुलिन म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ. मी विज्ञानाची शिक्षिका नाही, पण पालकांना समजावून सांगता सांगता मला जी रीत सापडली तीच इथे मांडते.

आपण खाल्लेली भाकरी, भात, साखर यांची शेवटी ग्लुकोज ही साखर होऊन रक्तात येते. ती रक्तात राहून उपयोग नाही, स्नायूंच्या पेशींत शिरली पाहिजे. पोटामागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, तो इन्सुलिन सोडतो. इन्सुलिन पेशीचं दार ठोठावतं, दार उघडतं, साखर आत जाते. काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तो टाईप १ मधुमेह. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचलं गेलं ते लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला. त्याआधी या मुलांना वाचवणं शक्य नव्हतं. आजही एखादं मूल अचानक खूप पाणी प्यायला लागलं, रात्री उठून उठून लघवीला जायला लागलं, भराभर वाळायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. नजर उतरवत बसायची ती वेळ नव्हे.

पण मी ज्याबद्दल लिहिते आहे ती गोष्ट उलटी आहे. इथे इन्सुलिन भरपूर आहे, पण पेशी ऐकत नाहीत. याला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. घरात मोठ्याने टीव्ही लागलेला असला की दार ठोठावणाऱ्याला जास्त जोरात ठोठवावं लागतं, तसं स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं. पोटात, यकृतात आणि स्नायूंत साठलेली चरबी हा तो आवाज. जोवर स्वादुपिंडाला हे जमतं तोवर रक्तातली साखर नॉर्मल येते. रिपोर्ट नॉर्मल, घरचे खूश. आत मात्र वर्षानुवर्षं इन्सुलिनचा पूर चालू असतो. त्यातून मान काळी पडते, यकृतात चरबी साठते, रक्तदाब वाढू लागतो. मुलींच्या अंडाशयांवर परिणाम होऊन पाळी तीन-तीन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमं जात नाहीत. काही वर्षांनी स्वादुपिंड थकलं की मग साखर वाढते आणि तेव्हा आपण म्हणतो, अचानक शुगर निघाली.

वयात येण्याच्या काळात हा प्रतिरोध सगळ्याच मुलांमध्ये थोडा वाढतो. तो निसर्गाचाच भाग आहे, वाढ पूर्ण झाली की तो पुन्हा कमी होतो. पण ज्याच्या अंगावर आधीच जास्तीची चरबी आहे, त्याचा कमी होईलच असं नाही. म्हणून दहा ते सोळा ही वर्षं फार नाजूक. आणि नेमक्या याच वर्षांत आपण मुलींना मैदानावरून घरात आणतो, पण त्याकडे नंतर येते.

आधी बारीक मुलांबद्दल, कारण आपल्याकडे खरा घोटाळा तिथेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून बारीक होती, स्नायू कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने फार कमी झालेली नव्हती. म्हणजे वजनाला हलकी आणि तरी चरबीला जड. पुढे नाळेतलं रक्त तपासलं, तर जन्मतःच इन्सुलिनही जास्त. आईच्या पोटात अन्न अपुरं पडलं की शरीर मेंदू वाचवतं, चरबी राखतं आणि स्नायूंवर काटकसर करतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. स्नायू हेच साखर रिचवायचं मोठं कोठार. ते जन्मापासूनच लहान राहिलं, आणि वर बारा वर्षांनी पाकिटातलं खाणं आणि बसून राहणं आलं, तर काय होणार?

याच डॉ. याज्ञिकांचं एक छायाचित्र वैद्यकीय जगात गाजलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच म्हणत होता, शरीरं वेगळी होती.

हे फक्त दोन डॉक्टरांपुरतं नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाचं मोठं सरकारी सर्वेक्षण झालं. त्यात दहा ते एकोणीस वयाची २४ टक्के मुलं बारीक निघाली आणि जास्त वजनाची फक्त ५ टक्के. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली मुलं होती १० टक्के, म्हणजे जास्त वजनाच्या मुलांच्या दुप्पट. उंबरठ्यावरची सगळी मुलं जाड असणं शक्यच नाही, हे समजायला गणिताची पदवी लागत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी वाढीचे नवे तक्ते केले, त्यात जास्त वजनाची रेघ म्हणूनच खाली आणली आहे.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला अम्मी आठवली.

आमची अम्मी १९७२ च्या दुष्काळात वयात आली. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं गाव, अब्बांच्या आणि तिच्या, दोन्ही घरांतली माणसं खडी फोडायला जायची. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांच्या गोष्टी आम्ही तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांची चव आम्हाला माहीत असल्यासारखी वाटते. तिच्या लेखी गुबगुबीत मूल म्हणजे अल्लाहची नेमत, आणि गालफडं बसलेली मुलगी म्हणजे घरच्यांची बेइज्जती. “बच्ची खाते-पिते घर की लगनी चाहिए,” हे तिचं वाक्य. नातवंडं आली की ती पहिल्यांदा त्यांच्या दंडाला हात लावून बघते. मांस लागलं तर खूश, हाड लागलं तर आमचा उद्धार.

मी तिला डॉ. याज्ञिकांच्या बाळांबद्दल सांगितलं. विज्ञान म्हणून नाही, तिच्याच गोष्टीचा पुढचा भाग म्हणून. म्हटलं, अम्मी, तू उपाशी राहिलीस. त्या उपाशी शरीरातून आपा जन्मली, तेव्हा ती किती किलोची होती? तिला आकडा माहीत नव्हता, पण म्हणाली, “मुठीएवढी होती, कापसात ठेवली होती.” मी म्हटलं, त्या मुठीएवढ्या पोरीच्या पोटी ही जन्मली. हिचं शरीर अजून दुष्काळाच्या हिशेबाने चालतंय, जे मिळेल ते साठवून ठेवतंय, आणि आपण रोज तिला ईद घालतोय. अम्मी बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, “तो भूखे रखना क्या फिर?”

हा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर आहे, नाही. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं. बहुतेक वेळा वजन झपाट्याने उतरवायचीही गरज नसते. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत राहिली, तरी मोठं काम होतं. भाचीने मध्यंतरी स्वतःच जेवण सोडून पाहिलं होतं. डबा तसाच परत यायचा, आणि संध्याकाळी चार वाजता ती चहात पाव बुडवून एका बैठकीत पाच-सहा खायची. कुणी कुणाला काही बोलायचं नाही, फक्त आईने सकाळी उठून दगडाने मान घासायची. त्या घरात प्रेम कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

आपाला तपासणीसाठी तयार करायला मला दोन महिने लागले. तिची अडचण पैशांची नव्हती. तिने स्पष्ट सांगितलं, “गावात बात फैलली तर रिश्ता कोण देणार? शुगरवाली लडकी म्हणतील.” मुलगी तेरा वर्षांची होती. मला राग आला, पण आपा खोटं बोलत नव्हती. मुलाला शुगर निघाली तर लोक औषधाची चौकशी करतात, मुलीला निघाली तर घराण्याची. शेवटी आम्ही दुसऱ्या शहरात गेलो, जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही. आपाने रजिस्टरवर नाव लिहितानासुद्धा हात आडवा धरला होता. आज हे लिहिते आहे ते आपाला आणि भाचीला विचारून. भाची म्हणाली, “लिख दो खाला, नाम मत लिखो.”

उपाशीपोटी साखर ९६ आली, म्हणजे शंभराच्या आत. तेवढंच पाहिलं असतं तर आम्ही परत आलो असतो. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ५.९ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली. डॉक्टरांनी कमरेला टेप लावला. त्यांनी सांगितलेला नियम फार सोपा आहे आणि तो मी आता पालकसभेत सांगते: पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. उंची १४० सेंटीमीटर असेल तर घेर सत्तरच्या आत. त्यासाठी शिंप्याचा टेप पुरतो. आमच्या मोहल्ल्यात तो घरोघरी आहे, कारण निम्म्या बायका शिवणकाम करतात.

गोळी द्यायची की नाही हा डॉक्टरांचा प्रश्न, त्यात मी शिरत नाही. तिला तेव्हा दिली नाही. दिली ती दिनचर्या. आणि ती कागदावर लिहून घेताना माझ्या लक्षात आलं की आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलींचा दिवस तिच्यासारखाच आहे.

सकाळी सहाला उठून चहा आणि खारी किंवा टोस्ट. शाळा. मधल्या सुट्टीत आठवीपर्यंतच्या मुलींना पोषण आहाराची खिचडी, पण पाच रुपये हातात असतील तर फाटकाबाहेरचा पुडा आणि रंगीत सरबताची पिशवी. घरी येऊन भात. मग ट्यूशन, मग अरबी. संध्याकाळी पुन्हा चहा, नानखटाई. रात्री दहाला जेवण, मोबाईल, साडेबारा-एकला झोप. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. झोप तुटली की त्यानेही इन्सुलिन प्रतिरोध वाढतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल असं हालावं. वरच्या दिवसात साठ मिनिटं कुठे बसवायची ते मला कुणीतरी दाखवावं.

मुलगे निदान गल्लीत क्रिकेट खेळतात. मुलगी पाचवीपर्यंत मैदानावर असते, लंगडी खेळते, पकडापकडी खेळते. सहावी-सातवीत तिचं अंग भरायला लागलं की घरातून निरोप येतो, “टीचर, उसको मैदान पे मत भेजो.” कारणं मला माहीत आहेत, समजतात. मैदान रस्त्याला लागून आहे, पोरं कठड्यावर बसलेली असतात. पण शरीराला आमची कारणं कळत नाहीत. स्नायू हलला की तो इन्सुलिनची फार वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो, आणि त्याचा फायदा पुढचा दिवसभर तरी टिकतो. इतकं स्वस्त औषध आपण मुलींच्या हातून नेमकं त्या वयात काढून घेतो ज्या वयात ते सर्वांत जास्त लागतं.

म्हणून आम्ही शाळेत जे केलं ते मैदानाशिवाय केलं. इमारतीच्या आतल्या चौकात, जिथे बाहेरून दिसत नाही, दोऱ्या आणल्या. सुताच्या साध्या दोऱ्या, बाजारातून मीटरवर घेतलेल्या. सहावी ते दहावीच्या मुली परिपाठाआधी पंधरा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारतात. पहिल्या आठवड्यात दहा उड्यांत दम लागायचा, आता काही जणी शंभर मारतात. एका आईने तक्रार केली की उड्या मारून मुलगी “खराब” होते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तिला शांतपणे सांगितलं की तसं काही होत नाही, आणि खात्री करायची असेल तर लेडी डॉक्टरला विचारून या. ती विचारून आली. तिची मुलगी अजून उड्या मारते.

दुसरी गोष्ट फळ्यावर केली. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. आम्ही राज्य मंडळाचे, आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कल्पना चांगली होती. नववीच्या मुलींनी रिकामी पाकिटं आणि बाटल्या आणल्या, मागचे आकडे वाचले आणि चार ग्रॅमला एक चमचा या हिशेबाने उर्दूत तक्ता लिहिला. थंड पेयाच्या तीनशे मिलीलीटरच्या बाटलीत साधारण आठ चमचे साखर निघाली. एकीने खरोखर आठ चमचे साखर ग्लासात घालून ठेवली. त्या ग्लासाभोवती जी शांतता पसरली ती माझ्या कुठल्याही तासाला पसरलेली नाही.

फाटकाबाहेरच्या टपरीचं काय? शाळेच्या आवारात आणि त्यापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पण आमच्या फाटकावरची टपरी एका विद्यार्थिनीच्या वडिलांची आहे. पोलीस आणून ती उठवायची माझी इच्छा नाही. त्यांच्याशी बोललो. ते आता भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी आणि हंगामात पेरू ठेवतात. पुडेही ठेवतात. “मॅडम, पेरू दोन दिवसांत सडतो, पुडा सहा महिने राहतो,” ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही शिक्षिकांनी ठरवलं की दुपारी उरलेले पेरू आम्ही विकत घ्यायचे.

घरी काय करायचं हे विचारणाऱ्या आया मला रोज भेटतात. त्यांना वाटतं की मी काहीतरी महाग सांगणार. मी सांगते ते त्यांच्या सासूला माहीत असलेलंच असतं. ज्वारीची भाकरी परत आणा. मसूर, मटकी, अंडं, थोडं मटण, हे भाताच्या आधी ताटात येऊ द्या, भात मागून. बिर्याणी जुम्म्याला असू द्या, पण तिच्यासोबत थंड्याची बाटली नको, कोशिंबीर आणि ताक ठेवा. चहातली साखर एकदम बंद करू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळत नाही. आणि घरात एकट्या जाड मुलीसाठी वेगळं ताट करू नका. तिच्या भावाला, बापाला, सगळ्यांना तेच. बापाला शुगर असेल तर त्यालाही तेच लागणार आहे.

रमजानमध्ये हे जास्त कठीण जातं. दिवसभर रोजा आणि इफ्तारला भजी, समोसे, लाल सरबत, मग तरावीहनंतर पुन्हा जेवण. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना मकतबमध्ये पाठ करून देतो आणि घरी येऊन दस्तरखानावर विसरतो. खजूर, पाणी, फळं, एखादं तळलेलं, आणि नमाजनंतर नीट जेवण, एवढं केलं तरी पुष्कळ. ज्या मुलाला शुगरचं औषध चालू आहे त्याने रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

भाचीबद्दल वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगते. आठ महिन्यांनी तिची एचबीए१सी ५.६ आली. वजन फक्त दीड किलो उतरलं होतं, पण उंची चार सेंटीमीटर वाढली होती आणि पोटाचा घेर कमी झाला होता. मानेचा पट्टा पूर्ण गेलेला नाही, फिका पडला आहे. डॉक्टर म्हणाले, त्वचा सगळ्यात शेवटी बदलते. धोका टळला असं कुणी म्हटलेलं नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी आहेच. अम्मी अजून तिच्या दंडाला हात लावून बघते. फक्त आता म्हणते, “सख्त हो गया है,” आणि हे चांगलं की वाईट ते तिचं अजून ठरलेलं नाही. आपाने तो दगड फेकून दिला.

वाचकांकडे माझं मागणं थोडं आहे. घरात कुणाला शुगर असेल, मुलाचा जन्म कमी वजनाचा असेल, मान काळी असेल, मुलीची पाळी सारखी लांबत असेल, पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापुढे गेला असेल, तर मूल जाड असो वा बारीक, एकदा डॉक्टरांना दाखवा आणि फक्त उपाशीपोटीच्या साखरेवर परत येऊ नका. मोटी, ढोली, हत्ती ही नावं घरात बंद करा. चिडवलेलं मूल लपून खातं आणि लोकांसमोर हालायला लाजतं, म्हणजे आपण दोन्ही बाजूंनी त्याचं नुकसान करतो.

आणि एक मागणं माझ्याच शिक्षक भावाबहिणींकडे. दहावीचं वर्ष आलं की वेळापत्रकातला पी.टी.चा तास गणिताला, इंग्रजीला दिला जातो. मराठीसाठी तो मलाही देऊ केला जातो, कारण आमच्या मुलींचं मराठी कच्चं असतं आणि निकाल लागायला हवा असतो. यंदा मी तो घेतला नाही. बुधवारचा पाचवा तास दहावीच्या मुली चौकात असतात. वृत्तं आणि अलंकार आम्ही गुरुवारी शिकतो.